जुन्या घरात वीजबचतीचं काम काढावं का? आमच्या तापलेल्या गच्चीवरून सुरू झालेला हिशोब

आमचं घर संभाजीनगरला सिडकोत, १९८६ चं रो-हाऊस. खाली हॉल, किचन आणि एक खोली, वरच्या दोन खोल्या नंतर चढवलेल्या, डोक्यावर साधा पाच इंची स्लॅब. मे महिन्यात वरच्या खोलीत रात्री अकरालासुद्धा गादीवर हात ठेवला तर गरम लागायची. यावर घरात प्रत्येकाकडे आपापला उपाय होता, बाबा म्हणायचे सोलर लावू, भाऊ म्हणायचा दुसरा एसी घेऊ, आई म्हणायची गप खाली हॉलमध्ये झोपा. त्यातच एक कॉन्ट्रॅक्टर येऊन "सगळं घर एनर्जी सेव्हिंगवालं करून देतो" म्हणत साडेचार लाखांचं कोटेशन ठेवून गेला. त्यात डबल काचेच्या खिडक्या होत्या, फॉल्स सीलिंग होतं, गच्चीला पेंट होता, पण गच्ची गळते का एवढं एक त्याने विचारलं नव्हतं.

मग मी वही घेऊन बसले. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. आकडे आमच्या घरचे आणि आम्हाला मिळालेल्या भावांचे आहेत, तुमच्या गावात वेगळे निघतील, पण पद्धत तीच चालेल.

पहिल्यांदा घराचं आयुष्य बघा

बिल नंतर बघू. आधी हे घर अजून पंधरा वर्षं असंच उभं राहणार आहे का ते बघा. फ्लॅट असेल आणि सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू झाल्या असतील तर गच्चीवर लाखभर घालायचा विचार तिथेच सोडा, पंखे बदला कारण पंखे नव्या घरी सोबत येतात. घर तीन भावांच्या नावावर असेल आणि वाटणी व्हायची असेल तर काम काढण्याआधी कागदावर ठरवून घ्या कोण किती घालणार, कारण नंतर "मी स्लॅबला पैसे घातले होते" हे वाक्य वीस वर्षं ऐकावं लागतं.

मग स्लॅब. काठी किंवा छोटी हातोडी घेऊन खालून छताला हळूहळू ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बदबद आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. तपकिरी डाग, सळईच्या रेषेत लांब चीर, पोपडे पडून सळई दिसणं, ही लक्षणं असतील तर आत सळई गंजून फुगतेय आणि काँक्रीटला ढकलतेय. अशा घरात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, काँक्रीटमध्ये किती दम उरलाय ते सांगणारी रिबाऊंड हॅमरची टेस्ट, आणि मग बाकीचं. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला महापालिका कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, पण स्वतंत्र घरवाले ते स्वतःला लागू आहे असं धरतच नाहीत. गंजलेल्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग मारणं म्हणजे जखमेवर चादर पांघरणं, दोन पावसाळ्यांनी पीओपीसकट प्लास्टर खाली येतं.

वजनाचंही इथेच बघून घ्या. जुन्या गच्च्यांवर बऱ्याचदा कोब्यावर कोबा घातलेला असतो, गळालं की अजून एक थर. वापरात असलेल्या गच्चीला माणसं, सामान वगैरे मिळून साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर एवढा भार धरून डिझाइन करतात. फूटभर ओली माती घालून बाग केली की एकट्या मातीचेच पाचशे किलोच्या वर जातात. "गच्चीवर बाग करा, घर गार होतं" हे खरं आहे, पण चाळीस वर्षांच्या स्लॅबवर कुंड्या भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवण्यापुरतंच.

आणि हो, तुमचं जुनं घर जर माळवदाचं असेल, म्हणजे पांढऱ्या मातीच्या छताचं, तर ते पाडून स्लॅब टाकायची घाई करू नका. मराठवाड्यात किती जणांनी टाकला आणि आता एसी शोधत फिरतायत. माळवदाला दर वर्षी पावसाआधी माती घालावी लागते हा त्रास आहेच, तरी दुपारी तीनला त्या खोलीत जाऊन बसून बघा एकदा.

बारा बिलं काढा

मेचं एकटं बिल बघून ठरवलं तर सगळंच परवडतं असं वाटतं आणि डिसेंबरचं बघून ठरवलं तर काहीच परवडत नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते वर्षभराचे लिहून काढा. आमचे उन्हाळ्यात महिन्याला ३८० च्या आसपास, पावसाळ्यात २३०, हिवाळ्यात १९०, वर्षाचे साधारण ३,२०० युनिट.

आता एका युनिटची किंमत. इथे बहुतेक लोक चुकतात, एकूण बिल भागिले युनिट करतात. पण बचत केली की जे युनिट कमी होतं ते दराच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातलं, महागडं युनिट असतं. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० ला दर जवळपास दुप्पट, ३०० च्या वर अजून चढा. त्यावर वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार मात्र तुम्ही काहीही केलं तरी तसाच राहतो, तो हिशोबात धरूच नका. मी आमच्यासाठी वाचलेल्या युनिटला १२ रुपये धरले. तुम्ही तुमच्या बिलावरून काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

युनिट जातात कुठे

प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमीटर ऑनलाइन मिळतो, हजाराच्या आतबाहेर. तो फ्रिजला २४ तास लावला आणि आमच्या अठरा वर्षांच्या फ्रिजने दिवसाला २.२ युनिट खाल्ले! म्हणजे वर्षाला ८००. तेवढ्याच आकाराचा नवीन चांगल्या स्टारचा फ्रिज दिवसाला ०.६ च्या आसपास खातो. आम्ही एवढी वर्षं एसीला शिव्या घालत होतो, आणि एसीचे निघाले वर्षाला जेमतेम ४९०, कारण तो अडीच महिने आणि रात्रीच चालतो.

पंखे. जुना पंखा ७५ वॅट, नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. पाच पंखे सरासरी दहा तास म्हणजे महिन्याला ११० युनिट, तेच बीएलडीसीने ४५. वर्षातले आठ महिने धरले तर ५४० युनिट वाचतात, म्हणजे साडेसहा हजार रुपये, आणि पाच पंख्यांना खर्च पंधरा हजार. सव्वादोन वर्षांत वसूल. पण देवघरातला पंखा जो दिवसातून वीस मिनिटं चालतो तो बदलू नका, तो जन्मात वसूल होत नाही.

गीझरचं गणित सोपं आहे, बादलीभर पाणी अंगाला सोसेल एवढं तापवायला साधारण अर्धा युनिट. चार माणसं, दिवसाला दोन युनिट, हिवाळ्याचे चार महिने. म्हणजे २४० युनिट, तीन हजारांच्या आत. त्यासाठी सोलर वॉटर हीटर बसवायचा का? आमच्याकडे चार-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं आणि गच्चीवरची टाकी किती भरेल याचाच भरवसा नसतो, आम्ही नाही बसवला. पाणी आणि माणसं दोन्ही भरपूर असतील तर बसवा.

एक प्रयोग फुकटातला. रात्री सगळे झोपल्यावर पंखे-एसी-फ्रिज क्षणभर बंद करून मीटरचा दिवा किती भराभर ब्लिंक होतो ते बघा. काहीही चालू नसताना तो जोरात ब्लिंक करत असेल तर कुठेतरी काहीतरी खातंय, सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टर, नाहीतर जुन्या वायरिंगमधून लीकेज. लीकेजचा संशय आला तर वायरमनला बोलवा आणि त्याच खेपेत आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या, ते बिलासाठी नाही, जिवासाठी.

उष्णता येते कुठून

आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, संभाजीनगरला २० मेच्या आसपास दुपारी उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. म्हणजे भर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत. भिंतींमध्ये पश्चिमेची भिंत त्रास देते, दक्षिणेची बिचारी उन्हाळ्यात फारसं काही करत नाही. दुपारी तापलेला स्लॅब ती उष्णता चार-पाच तासांनी आत सोडतो, म्हणून बाहेर वारा सुटला तरी रात्री वरची खोली भट्टी. युरोपातल्या व्हिडिओत भिंतींना आतून जाड थर लावतात, खिडक्यांना तीन-तीन काचा, ते घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. आपला रोग वेगळा आहे. त्या कोटेशनमधल्या डबल काचेच्या खिडक्या मी पहिल्या फटक्यात खोडल्या, रस्त्याचा आवाज फार असेल तर त्या कामाच्या, नाहीतर बाहेरून छज्जा किंवा बांबूची चीक लावली तर ऊन काचेला लागतच नाही. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन तोवर घरात आलेलं असतं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक वर एक खाली, आणि आठवडाभर सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री नऊला लिहा. जमलं तर इन्फ्रारेड गन कुणाकडून मागून आणा. आमच्याकडे संध्याकाळी पाचला वरच्या छताची खालची बाजू ४४ डिग्री, खोलीतली हवा ३९, भिंती ३८. चोर कोण ते तिथेच कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग, लाखभर खर्चायच्या आधी हा करा. दोन खोल्यांपैकी एकाच खोलीवरच्या गच्चीला पांढरा चुना मारा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, तो उकळ्या फोडतो त्यामुळे प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे लावा, लहान मुलं लांब. सकाळी गाळून त्यात थोडा फेविकॉल, गच्ची झाडून धुऊन दोन हात. आमचा खर्च मजुरीशिवाय बाराशेच्या आसपास झाला. आठवड्याने त्या खोलीचं छत ३९ ला आलं आणि हवा दुसऱ्या खोलीपेक्षा अडीच डिग्री कमी. चुना पावसात धुऊन जातो, एक नाहीतर दोन सीझन. पण आपल्या घराला पांढऱ्या गच्चीने किती फरक पडतो हे कुठल्याही सेल्समनशिवाय कळतं. फरक पडलाच नाही तर तुमची उष्णता दुसरीकडून येतेय आणि गच्चीवरचा मोठा खर्च तुम्ही वाचवलात.

आता मोठ्या कामांचा हिशोब

आमची गच्ची ७०० स्क्वेअर फूट आणि कोपऱ्यात गळत होती, म्हणजे वॉटरप्रूफिंग तसंही करायचंच होतं. हे लक्षात ठेवा, कारण सगळं उत्तर यावर फिरतं. जुना कोबा काढून नवीन करायला ९० रुपये फूट, म्हणजे ६३ हजार. त्यातच वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे लावून घ्यायचे तर अजून ३५ हजार. आणि कोब्याखाली दोन इंची एक्सपीएस शीट म्हणजे थर्माकोलसारखी पण कडक शीट, वर स्क्रीड म्हणजे सिमेंटचा सपाट थर, वर टाइल्स असं सगळं केलं तर २१० रुपये फूट, एक लाख ४७ हजार. साध्या कामापेक्षा ८४ हजार जास्त.

शीट काम करते यात वादच नाही. उघड्या स्लॅबमधून जेवढी उष्णता आत येते तिचा पाचवा-सहावा भागच दोन इंची शीट आत येऊ देते, आणि नवीन घरांसाठी बीईईची, म्हणजे वीजबचतीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, इको निवास संहिता छताला जी मर्यादा घालते तिच्या निम्म्याखाली जाता येतं. पण पैशात? एसीचे ४९० युनिट, त्यातले एक तृतीयांश वाचले असं उदारपणे धरलं तरी १६० युनिट, दोन हजार रुपये सुद्धा नाहीत. ८४ हजार वसूल व्हायला चाळीसच्या वर वर्षं! ते पैसे एफडीत ठेवले तर सात टक्क्यांनी वर्षाला जवळपास सहा हजार देतात.

म्हणून नुसत्या बिलावर उत्तर "नको" येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. ज्या घरात एसी कमी चालतो त्या घरात बिलात वाचवायला मुळात काही नसतंच, तिथे तुम्ही झोप विकत घेत असता. त्याचा वेगळा कॉलम करा. आमच्याकडे तो कॉलम असा होता, गच्ची गार झाली तर भावाचा दुसरा एसी टळतो, म्हणजे चाळीस हजार आणि दर उन्हाळ्याचे पाचेक हजार. आईला दुपारी वर बसून शिवणकाम करता येईल. हे लिहिल्यावर मोझॅकचे ३५ हजार सहज पटले, शीटचे ८४ नाही पटले.

शीट कोणाला पटते? ज्यांच्याकडे दिवसा-रात्री आठ-दहा तास एसी चालतो, दोन-तीन खोल्यांत, वर्षातले पाच-सहा महिने, मुंबई-ठाण्याकडे टॉप फ्लोअरला असतं तसं, त्यांनी जरूर करा, आणि वॉटरप्रूफिंग उकरलं असेल तेव्हाच करा. ज्यांच्याकडे पंखा-कूलरवर चालतं त्यांना पांढरी गच्ची आणि रात्री समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या जास्त देतात, कारण उघडा स्लॅब रात्री आकाशाकडेही उष्णता सोडतो आणि जाड शीट ती वाटही अडवते. कूलरचं म्हणाल तर एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात काम करतो पण दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो, आमच्यासारख्या नळाच्या गावात तो हिशोब वेगळाच. कोकणात तर दमटपणामुळे कूलर घेऊच नका.

पेंटवाल्यांबद्दल दोन शब्द. "दहा डिग्री कमी होतं" असं सगळेच सांगतात. विचारा, कशाचं? गच्चीच्या पृष्ठभागाचं दहाच काय, वीससुद्धा कमी होईल, खोलीतल्या हवेचं दोन-तीन. आणि पाच वर्षांची वॉरंटी पेंट सुटण्याची असते, गार राहण्याची नाही, धूळ बसली की तो पांढरा राहत नाही, वर्षातून दोनदा घासून धुवावा लागतो.

सोलर, आणि एकच युनिट दोनदा मोजू नका

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार सबसिडी. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो आणि शंभर स्क्वेअर फूट बिनसावलीची जागा घेतो. आमच्या ३,२०० युनिटसाठी सगळ्यांनी तीन किलोवॅटच सांगितला, सबसिडी जाऊन एक लाख पंधरा हजार. पण आधी पंखे आणि फ्रिज बदलले तर आमचे युनिट २,१०० वर येतात आणि दोन किलोवॅट पुरतो, सबसिडी जाऊन ७५ हजार. वाचलेले चाळीस हजार म्हणजे बरोबर पंखे आणि फ्रिजची किंमत! फुकटात पडल्यासारखंच.

गंमत अशी की हे उलटं केलं तर हिशोब बिघडतो. आधी तीन किलोवॅट बसवला की बिल जवळपास शून्य होतं, मग नवीन फ्रिजने वाचवलेलं युनिट १२ रुपयांचं राहत नाही, ते नेट मीटरवर, म्हणजे लाइनमध्ये दिलेली जादा वीज मोजणाऱ्या मीटरवर, शिल्लक पडतं आणि मार्चअखेर उरलेल्या युनिटला अगदी किरकोळ दर मिळतो. म्हणून प्रत्येक विक्रेता आपापली बचत सांगतो त्यांची बेरीज करू नका, ती बेरीज तुमच्या बिलापेक्षाही मोठी निघते, आमची निघाली होती.

सोलरच्या आणखी दोन गोष्टी. लाइट गेली की बॅटरीशिवायचा ऑनग्रीड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, सोलरसुद्धा बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसाच असतो, त्यामुळे "लोडशेडिंगला उपयोग" हा मुद्दा यादीतून काढा. आणि पॅनलचे पाय ओतायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालेलंच पाहिजे, नंतर पॅनल उचलून गच्ची करायची म्हणजे दुप्पट मजुरी. आमच्या गल्लीत एकाने थेट कोब्यात ड्रिल मारून बोल्ट ठोकले, पहिल्याच पावसात हॉलमध्ये बादली.

तर क्रम असा लागतो

स्लॅबची तपासणी, गळती, त्याच कामात पांढरी गच्ची. दरम्यान पंखे आणि फ्रिज. मग एक अख्खं वर्ष बिलं बघायची, घाई नको, आणि त्या नव्या आकड्यावर सोलरचा साइज ठरवायचा. एसी जुना असेल तर तो मोडल्यावर फाइव्ह स्टार घ्या, चालता एसी फेकून नवीन घेणं आमच्याएवढ्या वापराला कधीच वसूल होत नाही. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा, खर्च, वर्षाची बचत, आणि हे काम तसंही करायचंच होतं का. तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर फक्त वरचा जादा खर्च मोजा. पाच वर्षांच्या आत वसूल होतंय ते डोळे झाकून करा, पाच ते दहाच्या मधलं घरात बसून ठरवा, त्याच्या पुढचं फक्त आरामासाठी करायचं आणि तसं स्वतःशी कबूल करून करायचं.

एक चूक मात्र आमच्याकडूनही झालीच. नवीन फ्रिज आला आणि जुना "असू दे, उन्हाळ्यात गार पाण्याला होईल" म्हणून आईने वरच्या खोलीत ठेवून घेतला. दोन महिने बिल कमी का होत नाही म्हणून मी सगळं घर तपासत होते, आणि तो वर गुपचूप रोजचे २.२ युनिट खात बसला होता, आत फक्त दोन बाटल्या आणि कैऱ्या. शेवटी भंगारवाल्याला अठराशेला दिला, आणि आई अजून म्हणते की त्यात पाणी जास्त गार व्हायचं.